चिंचोलीची गाडी पुकारायची राहिली

विल्या, भांडण अर्धवट टाकून उठून जायची आपली रीत नव्हती. शेवटच्या रविवारी फोनवर मी तुला विचारलं, "ठरवणाराच चुकला तर?" तू म्हणालास, "खांब, पुढच्या रविवारी बोलू." रविवार उजाडायच्या आधीच तू सकाळचा सराव संपवून, मैदानाच्या कडेला बसून, बुटाची नाडी सोडता सोडता गेलास. आता मी कुणाला विचारू?

बाहेरच्या माणसाला वाटेल, दोन पन्नाशीतले मास्तर अमेरिकेतल्या बास्केटबॉलवरून इतकं काय भांडत असतील. एक लातूरचा क्रीडा शिक्षक, एक नांदेडच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा. दर रविवारी तोच वाद. तू म्हणायचास, व्यावसायिक लीगचं अजिंक्यपद पॉइंट गार्ड जिंकून देतो. चेंडू घेऊन येणारा, कोण कुठं उभा राहील आणि चेंडू कुणाकडे जाईल हे ठरवणारा. मी म्हणायचो, उंच माणसाशिवाय एक तरी संघ जिंकलेला दाखव. अर्थात तू साडेपाच फुटांचा आणि मी सव्वासहा फुटांचा, म्हणून तुझा 'खांब', हे दोघांनाही माहीत होतं.

तू कधी हार मानली नाहीस. आपल्या तरुणपणी जो संघ ओळीनं जिंकत सुटला होता, त्याचं उदाहरण मी हमखास द्यायचो. "सांग बरं, त्यांचा चेंडू आणणारा कोण होता? लोकांना त्याचं नाव तरी आठवतं का?" तू उसळून म्हणायचास, "नाव आठवत न्हाई, हाच त्याचा मोठेपणा हाय! चेंडू बरोबर जागी गेला ना? नेला कुणी, तुझ्या काकानं?" पुढं तो लांबून बास्केट टाकणारा ठेंगणा गडी आला आणि त्याच्या संघानं अजिंक्यपद घेतलं, तेव्हा तू मला शिकवायच्या वेळेत फोन केलास. मी पोरांसमोर फळ्याकडे तोंड करून कुजबुजलो, "तो पॉइंट गार्ड नाही, तो शूटर आहे." तू हसून हसून खोकलास. आणि परवा परवा तो सातफुटी सेंटर, रिंगखाली खेळणारा, जिंकला, तेव्हा मला वाटलं, आता तरी विल्याचं तोंड बंद होईल. तू शांतपणे म्हणालास, "चेंडू कोण वाटत होता? तोच ना? म्हणजे उंच माणूस शेवटी पॉइंट गार्ड झाला. मीच जिंकलो."

असा कसा रे तू. आणि मी तरी कसा, की इतकी वर्षं मला विचारायचं होतं ते एकच, आणि मी दर रविवारी अमेरिका मध्ये घालत राहिलो.

मला विचारायचं होतं नांदेडच्या फायनलबद्दल. शेवटच्या क्षणी तू चिंचोली का नाही पुकारलीस?

तुझ्या चालींची नावं आठवली की आजही हसू येतं. अण्णा, म्हणजे तुझे वडील, लातूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर, माईकवरून गाड्या पुकारणारे. शाळा सुटली की तू त्यांच्या खिडकीत जाऊन बसायचास आणि दिवसभराच्या गाड्या पाठ करायचास. कॉलेजच्या संघात आलास तर प्रत्येक चालीला एका गाडीचं नाव. देवणी म्हणजे डावीकडून कापत जायचं. उदगीर म्हणजे उजवा कोपरा मोकळा करायचा. कंधार म्हणजे सगळ्यांनी एका बाजूला गर्दी करून दुसऱ्या बाजूच्या गड्याला शॉट द्यायचा. चेंडू आपटत यायचास आणि नाकातून आवाज काढून ओरडायचास, "उदगीऽऽर, उदगीर गाडी फलाटावर लागलेली आहे!" समोरचे पाच जण हसायचे, तेवढ्यात बास्केट झालेली असायची.

आणि माझी होती चिंचोली. मराठवाड्यात चिंचोल्या पायलीच्या पन्नास, पण ही आमची, तेरणेकाठची. तिथं जाणारी गाडी मुक्कामी. संध्याकाळी गावात जायची, मारुतीच्या पारापाशी थांबायची, सकाळी परत निघायची. तू मला समजावलं होतंस, "बाकीच्या गाड्या वळून माघारी येतात. चिंचोली पुकारली की चेंडू तुझ्याकडं मुक्कामाला. मग कुणाला पास द्यायचा न्हाई. तू हाईस आणि रिंग हाय." मी रिंगकडे तोंड करून, तुझ्याकडे पाठ करून उभा राहायचो, एक हात वर. तुझा आवाज आला की वळायचं, चेंडू हातात असायचाच. ती चाल कधी फसली नाही. माझ्या गावाचं नाव कुणी इतक्या मोठ्यानं, इतक्या आनंदानं घेतलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. गावाकडून आलेला, बोलायला बिचकणारा पोरगा मी. तू ते नाव मैदानभर केलंस.

मग त्या वर्षी गणपती विसर्जनानंतरची ती पहाट.

त्याबद्दल मी लिहिणार नाही. होस्टेल हादरलं, आम्ही बाहेर पळालो, उजाडल्यावर मिळेल त्या ट्रकमधून मी गावाकडे गेलो. आमचं घर दगडामातीचं, वर जड मातीचं छत, माळवद. बाबा शेतात राखणीला होते म्हणून वाचले. आई आणि धाकटी कुसुम घरात होत्या. एवढंच.

त्या दिवसांत सगळे आले. कधी न बोलणारी पोरं आली, कॉलेजचे सर आले, ओळखदेख नसलेली माणसं लांबून येऊन आमच्या दगडांना हात लावत होती. तू आला नाहीस. मी ढिगाऱ्यावर बसून प्रत्येक ट्रकमधून उतरणाऱ्यांत एक बुटका शोधत होतो, विल्या.

तू आलास दिवाळीच्या सुमाराला. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. मी कॉलेज सोडलं होतं. बाबांना एकटं टाकून कुठं जाणार. तू चेंडू काखेत मारून दारात उभा राहिलास. इतक्या दिवसांनी भेटल्यावर माणूस काय बोलतो? तू म्हणालास, "काका, ह्याला न्यायला आलोय. ह्याच्याशिवाय रिंगखाली उभं राहायला कुणी न्हाई."

बाबा म्हणाले, "बाळ, आता कसला खेळ."

"खेळासाठी न्हाई काका. बी.एस्सी.साठी. खेळ आपला निमित्ताला. फी माफ हाय, होस्टेलला मी बोललोय. तो शिकला न्हाई तर..." तू चेंडूच हातात फिरवत बसलास. बाबांनी माझा सदरा दोरीवरून काढून घडी घालून पिशवीत ठेवला. माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर असा घराबाहेर पडला. आज माझी पोरं शिकली, माझ्या हाताखालून इतकी पोरं डॉक्टर झाली, पण त्या सगळ्याला पहिला पास तुझा. हे मी तुला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू म्हणाला असतास, बघ, शेवटी पॉइंट गार्डच.

त्याच हिवाळ्यात नांदेडला फायनल. विद्यापीठाची सगळी कॉलेजं, मैदानाभोवती माणूस मावत नव्हता. आपण एका गुणानं मागे. शेवटचा चेंडू तुझ्याकडे. काय करायचं ते आपल्या पाचही जणांना माहीत होतं. मी डावीकडे रिंगखाली जाऊन उभा राहिलो, पाठ तुझ्याकडे, हात वर. आणि मी वाट पाहिली. त्या भूकंपानंतर माझ्या गावाचं नाव जो तो आवाज खाली करून घ्यायचा. दुकानदार, मास्तर, पेपर वाचणारे, सगळे. मला एकदा ते नाव मोठ्यानं ऐकायचं होतं. एवढ्या माणसांत, नाकातून, हसत, जसं तू आधी घ्यायचास तसं. सामना जिंकायचा होताच, पण देवाशपथ, त्याहून जास्त मला ते ऐकायचं होतं.

आवाज आला नाही. मी मान वळवून पाहिलं. तुझं तोंड उघडं होतं. तू माझ्याकडे बघत होतास. मग तू ओरडलास, "कंधार!"

चेंडू दुसऱ्या बाजूला गेला, रिंगच्या कडीवर आपटला आणि बाहेर पडला.

परतीच्या गाडीत मी तुला विचारलं, "चिंचोली का नाही पुकारलीस?"

तू म्हणालास, "मला जे दिसलं ते पुकारलं."

"मी एकटा होतो तिथं. मोकळा होतो."

"हाव. दिसलास."

"तुला वाटलं, नाव ऐकून मी रडेन? चेंडू हातातून सुटेल?"

तू खिडकीबाहेर बघत राहिलास. बस्स. तीस वर्षं तू खिडकीबाहेरच बघत राहिलास, विल्या. माझं मत कायम झालं: तू माझी कीव केलीस. मला खेळाडू म्हणून मोजायचं सोडून दिलंस. म्हणून मी दर रविवारी म्हणायचो, ज्याचा आपल्या उंच माणसावर विश्वास नाही तो पॉइंट गार्ड कधी अजिंक्यपद जिंकत नसतो. तू म्हणायचास, "शेवटच्या मिनिटाला ठरवणारा लागतो." मी म्हणायचो, "ठरवणारा भित्रा असला तर?" आणि तू विषय बदलून माझ्या क्लासवर यायचास. "तुम्ही नांदेड-लातूरवाल्यांनी सगळ्या पोरांना शूटर करून ठेवलं. जो तो आपला आपला स्कोर बघायलाय. चेंडू आणणार कोण? तुमच्या सकाळच्या बॅचमुळं माझ्या पोरी अंधारात सरावाला यायल्यात." तेही खरंच होतं. तुझ्या शाळेच्या अर्ध्या मैदानावर क्लासचं शेड उभं राहिलं आणि उरलेल्या अर्ध्यावर तू एकाच रिंगवर मुली तयार केल्यास.

काल तुझं तेरावं झालं. जेवणं उरकल्यावर अण्णांनी मला जवळ बसवलं. ऐंशी पार केलेत, पण आवाज अजून स्टँडवरचाच. आपल्या वादाबद्दल त्यांना माहीत होतं. फोनवर तू ओरडायचास ते त्यांना ऐकू जायचं. मी बोलता बोलता म्हणून गेलो, "अण्णा, त्यानं माझ्यावर भरवसा ठेवला नाही, एवढंच माझं दुःख."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. "तुला त्यानं सांगितलं न्हाई? कधीच?"

"काय?"

"अरे, भूकंप झाला त्या दिशी सकाळी तो स्टँडवर आला होता. तुझ्याकडंच यायला निघाला होता, हातात पाण्याचा कॅन घेऊन. स्टँडवर पाय ठेवायला जागा न्हवती. जिकडून तिकडून माणसं. कुणाची लेक तिकडं दिलेली, कुणाचं माहेर. जादा गाड्या सोडायलो होतो. पुकारून पुकारून माझा घसा बसला. आवाजच निघंना. हा समोर दिसला, म्हणलं, विल्या, माईक धर. माणसांना गाडी कळली पाहिजे. तू मागून जा."

मी त्यांच्याजवळ सरकलो.

"दिवसभर त्यानंच पुकारलं. चिंचोली, चिंचोली, चिंचोलीकडं जाणाऱ्यांनी इकडं या. बाया खिडकीला येऊन त्याचा हात धरायच्या. बाळा, चिंचोलीत कोण वाचलं, तुला काय कळलंय का? त्याला काय कळणार? तो आपला पुकारायचा. मधी मधी मला विचारायचा, अण्णा, आता जाऊ का? मी म्हणायचो, अजून एक गाडी सोडू. संध्याकाळी माईक खाली ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. म्हणाला, अण्णा, ते नाव घ्यायला आता तोंड उघडंना, तिकडं जायला पाय उचलंना. त्यानंतर ह्या घरात त्या गावाचं नाव त्यानं घेतलं न्हाई. तुझ्या गावाला काय म्हणायचा, आठव बरं."

मी आठवलं. "तुमच्याकडं." काका कसे आहेत तुमच्याकडं. पाऊस झाला का तुमच्याकडं. तीस वर्षांत एकदाही नाव नाही. मी फिजिक्स शिकवतो, पोरांना म्हणतो नीट निरीक्षण करा, आणि माझ्या हे लक्षात आलं नाही.

विल्या, तू का नाही सांगितलंस? त्या गाडीत, खिडकीबाहेर बघण्यापेक्षा, दोन शब्द. मी ढिगाऱ्यावर बसून तुझी वाट बघत होतो आणि तू माझ्याच गावाचं नाव घेऊन माणसांना माझ्याकडे धाडत होतास. त्या दिवशी जे जे उतरले ते तू पाठवलेले होते. आईला उचलायला जे हात लागले, त्यातले कितीतरी तुझ्या आवाजावर आले असतील. आणि मला वाटत राहिलं, तू आला नाहीस. माझी कीव केलीस असं समजून मी तीस वर्षं तुला टोचत राहिलो. तू भित्रा म्हणवून घेतलंस, पण तोंड उघडलं नाहीस. ही कसली मैत्री? सगळ्यांना पास देतोस, आणि हे एकटं ओझं छातीशी धरून मैदानभर पळतोस? मला ते धरता आलं नसतं का? मी सव्वासहा फुटांचा माणूस कशासाठी उभा होतो तिथं?

रागावू नकोस. मी कुणाशी बोलतोय हेच मला कळत नाही. कालपासून फोन हातात घेतो, तुझं नाव काढतो आणि ठेवून देतो.

आज सकाळी नांदेडला निघायच्या आधी मी तुझ्या मैदानावर गेलो. मुली सराव करत होत्या, कुणीही न सांगता. पुढच्या आठवड्यात त्यांचीही फायनल नांदेडलाच आहे. तुझी श्रावणी, चेंडू आणणारी, तुझ्याइतकीच बुटकी आणि तुझ्याइतकीच तोंडाळ, माझ्याकडे आली. "तुम्ही सरांचे खांब ना? फोटोत हाव तुम्ही. एक विचारायचं हाय."

"विचार."

"सगळ्या चाली आम्ही पुकारतो. देवणी, उदगीर, कंधार. एकच मुकी हाय. सर नुसती मूठ वर करायला लावायचे. पण आमची प्रज्ञा रिंगकडं तोंड करून उभी असती. पाठ असली की मूठ कशी दिसंल? दर वेळेला तिथंच फसतो. सरांना म्हणलं, हिला नाव द्या की. तर म्हणाले, तुम्हीच काढा. आम्ही पुणं काढलं, शिर्डी काढलं, मी तर दुबई बी म्हणलं. एक पसंत पडंना. म्हणाले, ही मुक्कामी गाडी हाय, जिथं मुक्काम करती त्याच गावाचं नाव लागतं. कोणतं गाव, म्हणलं, तर बाटली उचलून पाणीच प्यायला लागले."

म्हणजे तू ती चाल टाकून दिली नव्हतीस. इतकी वर्षं, प्रत्येक नव्या संघाला शिकवत आलास, मुकी.

"तुम्हाला ठाऊक हाय का नाव?" श्रावणीनं विचारलं.

मी तोंड उघडलं आणि, विल्या, मला कळलं तुझं त्या दिवशी काय झालं असेल. नाव तोंडातून बाहेरच पडेना. माझं स्वतःचं गाव. मी कसंबसं म्हणालो.

"काय? ऐकू न्हाई आलं."

मी पुन्हा म्हणालो. सगळे घेतात तसंच, आवाज खाली करून.

"सर, असं हळू नका ना सांगू. रिंगखाली काय ऐकू येणार?" तिनं चेंडू उचलला. "प्रज्ञा, उभी राहा गं. पाठ कर." ती उंच पोरगी डावीकडे रिंगखाली गेली, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. हात वर.

श्रावणी चेंडू आपटत मागं गेली, वळली, आणि तू शिकवलेल्या त्याच स्टँडवरच्या आवाजात, नाकातून, काही एक माहीत नसलेल्या आनंदानं ओरडली, "चिंचोलीऽऽ! चिंचोली गाडी फलाटावर लागलेली आहे!"

क्लासच्या शेडमधली पोरं खिडकीतून बघायला लागली. प्रज्ञा वळली, चेंडू तिच्या हातात होता. मुली टाळ्या वाजवून माझ्याकडे बघून हसायला लागल्या. मला कळेना का हसतायत. मग लक्षात आलं. मैदानाच्या कडेला, बॅग खांद्याला अडकवून, मीही एक हात वर करून उभा होतो, आणि तो खाली घ्यायचं मला सुचत नव्हतं.